आत्याबाई बंद झाल्यावर

प्रिय बुटके,

शाळेत तुला सगळे 'मोठ्या बाई' म्हणतात, म्हणून पाकिटावर तसंच लिहिलंय. आत मात्र तू बुटकीच. पाकिटात हाताला काहीतरी टणक लागेल, ते आत्ता काढू नकोस, आधी वाच. घाईत लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नकोस.

रेडिओवरचा आत्याबाईंचा कार्यक्रम बंद झाल्यापासून दुपार खायला उठते, म्हणाली होतीस ना? आमच्या गल्लीत तर घरचंच माणूस गेल्यासारखं झालंय. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणतो, मशीनवर पाय ठेवायची इच्छाच होत नाही. लोकांनी पत्रातून कळवलेली घरची भांडणं वाचून दाखवायची आणि मग एकेकाची अशी खरडपट्टी काढायची बाई, की ज्याला बोलणी बसली तोही हसत असेल! शेवटच्या दिवशी तिने निरोप घेतला तेव्हा मला रडू आवरेना. हे शेजारीच बसले होते. पाठीवरून हात फिरवत म्हणाले, अगं, चालायचंच, प्रत्येकाच्या घरात असतं असं काहीबाही. मला वाटलं, माझी समजूत काढतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी संपवून, शाळेची बस लावून हे जेवायला आले, आणि नेहमीसारखा रेडिओ लावून बसले. त्या वेळेला आता कुणी डॉक्टर बोलतात. मुतखड्यावर चाललं होतं. मी ओट्यापाशी होते. तर हे मांडीवर थाप मारून हसले आणि म्हणाले, कमाल आहे हं या बाईची! मला वाटलं, डॉक्टरांची टिंगल करतायत. मग रोजच तसं व्हायला लागलं. दातांची कीड काय, मूळव्याध काय, हे आपले खदाखदा हसतायत. वेड लागलं की काय, या विचाराने माझा जीव अर्धा झाला. शेवटी एकदा मागून जाऊन मी रेडिओ बंदच केला. बुटके, ह्यांची मान डोलतच राहिली.

मागे उभी राहून हाक मारली. मग ओरडले. मग पातेलं आपटलं. तेव्हा कुठे फरशी हादरली म्हणून वळले, आणि माझ्याकडे बघून हसले. आत्याबाई होती तोवर हे माझं तोंड बघून हसत होते गं, आणि आता नुसतं घड्याळ बघून! मी हसले की हसायचं, मी हळहळले की मान हलवायची. फोन वाजला की माझ्या हातात द्यायचे, तूच बोल म्हणायचे. मला वाटायचं, आळशी आहेत. नवरा ऐकत नाही ही तर साऱ्या बायकांची तक्रार. त्याला कुणी आजार म्हणतं का?

विचारलं त्यांना, समोर बसून, सावकाश. आधी चिडले. मग म्हणाले, बस डोळ्यांनी चालवतात, कानांनी नाही. मग हात जोडले, की निवृत्त होईपर्यंत कुणाला बोलू नकोस. आणि सगळ्यात शेवटी हळूच विचारलं, आत्याबाई कधी बंद झाली? माझं काळीज तुटलं. त्यांच्या डोळ्यांतही भीतीच होती. मी शब्द दिला. गप्प बसणार होते, खरंच सांगते.

पण काल बाजारात बसमधली ताई भेटली, पोरांना चढवते-उतरवते ती. हसत हसत सांगत होती, की काका हल्ली फार जपून चालवतात, बिनफाटकाच्या रेल्वे रुळांपाशी थांबतात आणि जाऊ का म्हणून मलाच विचारतात. म्हणाली, परवा मी मागे पोरांची मारामारी सोडवत होते, थांबा थांबा म्हणून ओरडले, तरी काकांनी बस रुळांवर घातलीच. मागच्या काचेतून आगगाडीचं इंजिन जाताना बघून पोरांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

टाळ्या वाजवल्या, बुटके. तेव्हापासून डोळे मिटले की ती सगळी दप्तरं दिसतात.

आज रविवार. हे जेवून झोपलेत. तुझ्यासमोर उभं राहून हे सांगायची छाती नाही माझी, म्हणून पाकीट तुझ्या दारातून आत सरकवून परत येणार आहे. आता ते टणक काढ. बसची चावी आहे. ऑफिसातली जादा चावीही ह्यांच्या हाती देऊ नकोस, कितीही गयावया केली तरी. उद्या दुसरा कुणी ड्रायव्हर बघ. आणि जमलंच तर ह्यांना शाळेच्या बागेत काहीतरी काम दे, घरी बसवू नकोस, झुरून मरतील. सकाळी हे चावी शोधत घर डोक्यावर घेतील. तेव्हा मी ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहणार आहे, माझ्या तोंडाकडे बघायला लावणार आहे, आणि ह्यांना नीट कळेल असं सांगणार आहे, की चावी मी दिली.

तुझीच,
घाबरट मैत्रीण