एबीएसवाली गाडी

६ जुलै

गाडी घेणार. बसने जाणार नाही, स्कूटर नको — मोटारसायकलच घेणार! जेवताना सांगून टाकलं. बाबांचा घास हातातच राहिला. "घरात एक झालं ते पुरे नाही का?"

उलट बोलायची सवय नाही मला. पण मानही खाली घातली नाही.

वहिनी पाणी आणायला उठली. जग भरलेलाच होता.

७ जुलै

बाबांना काय सांगू? माझं काम लॅबचं. घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं. माणसं उपाशीपोटी वाट बघत बसलेली असतात, बस काही त्यांच्या दाराशी थांबत नाही. माझी जुनी गाडी चढ आला की धापा टाकते. मेकॅनिक म्हणाला, "ताई, आता हिला पेन्शनीत काढा."

आणि मला चालवायला दादाने शिकवलं. ते मी सोडणार नाही. तो गेला म्हणून तर नाहीच नाही.

९ जुलै

शोरूममध्ये गेले. मला हवी ती गाडी दोन प्रकारांत मिळते — एबीएसवाली आणि साधी. विकणारा पोपटासारखा बोलत होता. "एबीएसच घ्या मॅडम! ब्रेक कितीही जोरात दाबा, चाक जाम होत नाही."

बाहेर आले. गाडीला किल्ली लागेना.

चाक जाम होत नाही! पोलिसाने दादाचं हेच तर सांगितलं होतं. ओला रस्ता, पुढचा ट्रक एकदम थांबला, याने ब्रेक दाबला, पुढचं चाक जाम झालं, गाडी आडवी. दादाच्या गाडीला एबीएस नव्हतं. घेता आलं असतं. त्याने घेतलं नाही. सगळ्या मित्रांसमोर म्हणाला होता, "ज्याला ब्रेक मारता येत नाही त्याने घ्यावं ते खेळणं." केवढे हसलो होतो सगळे.

मी एबीएस घेतलं, तर दादा चुकला असा अर्थ होतो. आपल्याच चुकीने गेला, असा अर्थ होतो.

तसं मी होऊ देणार नाही. साधीच घेणार. ठरलं!

१० जुलै

नट्या आला होता. दादाचा मित्र — खिशात कायम नट-बोल्ट, म्हणून नट्या. माझा बेत ऐकून खूश झाला. "शाबास! दादाची बहीण शोभतेस. अगं, खडीवर एबीएस गाडी उलट लांब नेतं. वळणावर झुकली गाडी, तर तेही काही करत नाही. दोन बोटं आणि डोकं — हेच आपलं एबीएस!"

बरं वाटलं ऐकून. दादाच बोलतोय असं वाटलं.

वहिनी आत कपड्यांच्या घड्या करत होती. दार धाडकन आपटलं. वाऱ्याने असेल.

११ जुलै

रक्त घेताना एक आजोबा म्हणाले, "पोरी, हात हलका आहे तुझा." कळलंच नाही म्हणे सुई गेलेली. दादा ब्रेकबद्दल हेच सांगायचा. हात हलका ठेव. दाब-सोड, दाब-सोड.

१४ जुलै

त्या पोपटाचं तोंड बंद करायला गेले होते. त्याचं एकच — "एकदा चालवून बघा, मग नाही म्हणा." सोबत नट्या. शोरूमच्या मागे गाड्या धुण्याचं आवार आहे. जमीन ओली, वर साबणाचं पाणी. तिथल्या सुपरवायझरने खडूने रेघ मारली, मला गुडघ्याला पॅड बांधायला लावले.

आधी साधी गाडी. दाब-सोड, दाब-सोड. रेघेच्या अलीकडे थांबले. नट्याने शिट्टी मारली.

मग एबीएसवाली. ब्रेक दाबला आणि तो बोटांखाली थडथडायला लागला, जणू आतून कुणीतरी ढोसतंय. बोटं आपोआप सुटली. रेघ मागे पडली.

सुपरवायझर ओरडला, "सोडता कशाला? धरून ठेवा! दाब-सोड ते करतंय ना, तुम्ही का करताय?"

"सरक, मी दाखवतो," नट्या म्हणाला. आणि गेला सरळ जुन्या टायरच्या ढिगात! त्याचीही बोटं सुटली. दादाकडे शिकलेला ना तोही. ढिगातून म्हणतो, "गाडीच बावळट आहे ही!" मी हसले. पोट दुखेपर्यंत हसले. किती दिवसांनी!

पुन्हा बसले. दात-ओठ खाऊन धरून ठेवलं. थडथड थडथड — आणि गाडी सरळ उभी. चाक जरासुद्धा घसरलं नाही.

तरी मी ऐकणारी नव्हे. साधी गाडी पुन्हा घेतली. सुपरवायझरला म्हटलं, "रेघ नको. मला न सांगता मध्येच ओरडा, थांब म्हणून." तो तयार नव्हता. "हळू चालवणार असाल तर," म्हणाला.

हळूच चालवत होते. तो ओरडला. एवढा मोठ्याने की काळजात धस्स झालं. दाब-सोड कुठलं आणि काय! पंजा मिटला नुसता. चाक जाम, गाडी बाजूला, मी साबणाच्या पाण्यात.

पडल्या पडल्या कळलं. रेघ दिसत असली की दाब-सोड जमतं. ट्रक सांगून थांबत नाही.



१५ जुलै

कोपर सोलवटलंय. खांदा ठणकतोय. बाबांनी शेक दिला. ओरडतील वाटलं होतं. शेकता शेकता म्हणाले, "मग कुठली घेतेस?"

नट्याचा फोन. "एकदा पडलीस आणि एवढी बावचळलीस? दादा काय म्हणाला असता?"

म्हटलं, "तू टायरमध्ये गेलास."

त्याने फोन ठेवला.

१६ जुलै

एबीएसवाली सांगून आले. खडीवर लांब नेईल तर नेऊ दे, खडीवर हळू जाईन. दादाचं म्हणणं खरं करायला मी मरणार नाही. नट्याने तोंड फिरवलं तरी चालेल. दादाने फिरवलं असतं तरी —

घेतली म्हणजे घेतली!

१७ जुलै

दिवसभर छातीत काहीतरी पेटलेलं. दुःख ओळखते मी, हे ते नाही. राग आहे. दादाचा!

१८ जुलै

जेवताना बोलले. "दादा चुकला. एवढीशी गोष्ट, फुशारकीपायी घेतली नाही त्याने." वाटलं, वहिनी आता उठून जाईल.

ती उठली नाही. "ते घे म्हणून मी हातापाया पडले होते," म्हणाली. "तो गेला त्या दिवसापासून चिडलेय मी त्याच्यावर. पण तुझ्यासमोर बोलायची सोय कुठे होती?"

मग माझ्या ताटात भात वाढला. "बरं झालं. आता या घरात मला एकटीला चिडायला नको."