चतुर्थीचं वासरू

प्रिय दादा,

आज नागपंचमी. सगळ्या गल्लीत पुरण शिजल्याचा वास आहे आणि आपल्या घरात खिचडी टाकली आहे. अप्पा गोठ्यात बसलेत. आई आत भिंतीकडे तोंड करून पडली आहे. मी ओसरीवर बसून तुला लिहिते आहे, कारण घरात दुसरं बोलण्यासारखं कुणी नाही. यंदा तुला चांगली बातमी कळवायची होती. काल सकाळपर्यंत ती बातमी हातात होती.

तू पंचमीच्या सकाळी गेलास. छातीत कळ आली म्हणालास, दवाखान्यात न्यायला गाडी काढली, आणि आष्टी यायच्या आतच संपलं. दिंड उकडत ठेवले होते. सगळे तुझ्यामागे धावले, गॅस बंद करायचं कुणाला सुचणार? शेजारच्या कुसुमकाकूनं येऊन बंद केला, तोवर पातेलं आटून करपलं होतं. तेव्हापासून आपल्या घरचा हा सण मोडला.

सण मोडणं म्हणजे काय हे तुला सांगायला नको. ज्या सणाला घरातलं माणूस जातं, तो सण त्या घरात परत होत नाही. नेमक्या त्याच दिवशी घरात मूल जन्माला आलं किंवा दावणीची गाय व्याली, तरच तो सुटतो. लहानपणी आजोबा हे सांगायचे तेव्हा आपण दुसऱ्याच्या घरचं म्हणून ऐकायचो. आपल्यावर कधी येईल असं वाटलं होतं का रे?

आणि तेही नेमकं पंचमीला! तुझा आणि दिंडांचा छत्तीसचा आकडा होता. पंचमीला काही चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, म्हणून आई कणकेच्या पुरीत पुरण भरायची, चारी बाजूंनी घडी घालायची आणि ओल्या फडक्यावर ठेवून वाफवायची. मी तुपात बुडवून इतके खायचे की उठवत नसे. तू ताटाकडे बघून तोंड वाकडं करायचास.

"जग पुरणपोळी खाऊन राह्यलं आन् आपल्या ताटात उकडलेली कणीक. मी काय आजारी हाय का?"

"तवा ठिवला तर नागोबाला चटका बसंल," आई म्हणायची.

"नागोबा काय तव्यावर येऊन बसलाय का?"

आई पदर तोंडाला लावून हसायची. मग तू दिंड फोडून नुसतं पुरण खायचास आणि रिकामी टरफलं माझ्या ताटात टाकायचास. मी तीही खायचे. तुला दिंड आवडत नव्हते, कबूल. पण म्हणून सणच उचलून न्यायचा?

एक गोष्ट कुणाला विचारता येत नाही म्हणून तुलाच विचारते. पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणीनं भावासाठी उपास धरायचा असतो. त्या वर्षीही मी धरला होता. जालन्यात, सासरी, दिवसभर भगर आणि ताक, बाकी काही नाही. भावाला आयुष्य मिळावं म्हणून धरतात ना तो उपास? दुसऱ्याच दिवशी तू गेलास. मग माझा उपास कुठं गेला? मला अजून राग येतो. तुझा येतो, देवाचा येतो, त्या भगरीचाही येतो.

वहिनीला दोन वर्षांनी तिच्या माहेरच्यांनी दुसरं घर बघून दिलं. बरं केलं. अप्पा स्वतः तिला जीपपर्यंत सोडायला गेले होते. तुम्हाला मूल नव्हतंच. माझी दोन आहेत, पण ती दुसऱ्या घरची, त्यांचा इथं उपयोग नाही. म्हणजे या घरात पाळणा हलणार नाही, हे ठरलेलं. मग उरली गाय.

ट्रॅक्टर आल्यावर बैल विकले तेव्हा "आता शेणात हात घालणार न्हाई" असं म्हणणारे आपले अप्पा घनसावंगीकडच्या एका पाहुण्याकडून गाय घेऊन आले. चंद्री तिचं नाव. कुणाला काही बोलले नाहीत. फक्त भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेतलं आणि पंचमीपासून मागं नऊ महिने नऊ दिवस बोटांवर मोजत बसले. त्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरला बोलावून गाय भरवली. असा हिशेब जमतो का कधी? डॉक्टरनं तेव्हाच सांगितलं होतं, "अप्पा, ती काय एसटी हाय का येळेवर यायला?" पहिल्या खेपेला चंद्री उलटली, गाभच राहिली नाही. दुसऱ्या खेपेला पंधरा दिवस आधीच व्याली.

अप्पांना हे वेड लागलं ते आईमुळे. कुसुमकाकू दर पंचमीला ताट पाठवते. खायला बंदी नाही, करायला आहे. आई ते ताट डोक्याला लावते आणि शेजारच्या लेकरांना वाटून टाकते. मी एकदा चिडून म्हटलं, "आई, एक घास खा की." तर म्हणाली, "मला खायचे न्हाई गं. मला करायचेत. या घरात, या गॅसवर, माझ्या हातानं. डोळे मिटायच्या आत एकदा." तेवढंच मागणं आहे तिचं, दादा. बाईनं दुसरं काही मागितलेलं मला आठवत नाही.

यंदा सगळं जमून आलं होतं. परवा डॉक्टर येऊन बघून गेला आणि म्हणाला, "पंचमीलाच व्यायची बराबर." आईनं मला फोन केला, "सुमे, ये." काल चतुर्थीला सकाळच्या बसनं मी आले. तू नाहीस तरी उपास धरून आले, का ते विचारू नको. बघते तर आईनं पुरणयंत्र काढून घासून उन्हात ठेवलेलं, हरभऱ्याची डाळ भिजत घातलेली. डाळ कुणी आदल्या सकाळपासून भिजत घालतं का? तिला धीर निघत नव्हता. कितीतरी वर्षांनी ती स्वयंपाकघरात गुणगुणत होती. मी दारातच थांबून ऐकत राहिले.

दुपार कलली आणि चंद्री खाली बसली. उठली, पुन्हा बसली. अप्पांना कळलं. मलाही कळलं. अप्पा तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणायला लागले, "आज न्हाई माय. उद्या. उद्या सकाळच्याला. एवढी रात काढ." माणसानं गाईला अशी विनवणी केलेली मी कधी बघितली नव्हती. आई ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. उन्हं उतरायच्या आत कालवड झाली. चांगली, धडधाकट, कपाळावर पांढरा टिळा. अप्पांनीच गोणपाटानं तिला पुसलं.

कुसुमकाकू आली. तिनं सगळं बघितलं आणि हळूच म्हणाली, "अप्पा, एका दिवसानं काय होतंय? पंचमीला व्याली म्हणा. कोन बघाय आल्तं?"

मला वाटलं, म्हणावं. खरंच सांगते, मनात देवाला हात जोडले की अप्पांनी एवढं एकदा खोटं बोलावं. आईनंही त्यांच्याकडे बघितलं.

अप्पा म्हणाले, "ज्याच्यापायी सण मोडला त्यालाच खोटं सांगू? बिलकुल न्हाई."

आई आत गेली, भिजलेली डाळ निथळून आणली आणि गुळाचा खडा घालून चंद्रीच्या पुढं ठेवली. "खा," म्हणाली. "तुझी काय चूक." गाय खात होती तोवर ती तिथंच उभी राहिली. नंतर पुरणयंत्र कोरडं करून फळीवर ठेवून दिलं.

दादा, तुला एक विचारू? तिला खरंच दिंडच करायचे होते का? की सण परत आला तर त्याच्यामागोमाग तूही दारातून येशील, तोंड वाकडं करत पाटावर बसशील, असं तिला कुठंतरी वाटत होतं? मला तरी वाटत होतं. वेडेपणा आहे, मला कळतं.

अप्पा चंद्रीला कालवडीसकट विकणार आहेत. आता त्यांच्यानं होत नाही. वाकलं की कमरेला हात लावून उठतात. पुन्हा मोजणी नाही, पुन्हा डॉक्टर नाही. आई-अप्पा गेले की या घराला कुलूप लागेल, आणि कुलपाच्या घरात कसला सण?

मघाशी आईजवळ जाऊन मी तिच्या पाठीवर हात ठेवला. नेहमीसारखं तोंडातून निघालं, "आई, पुढच्या साली..."

तिनं वळूनही बघितलं नाही. म्हणाली, "सुमे, त्यो गेला तवा एकदा रडले. ह्या आशेपायी दर साली रडून राह्यले. आता मला पुढच्या सालाचं सांगू नको, बाई."

म्हणून तुला वचन देते. आईला मी 'पुढच्या साली' असं पुन्हा कधी म्हणणार नाही. फोन केला की गुडघ्यांचं विचारीन, पावसाचं विचारीन, पंचमीचं नाव काढणार नाही. कधी तिचाच धीर सुटला आणि तिनं स्वतःहून विचारलं, "होईल का गं?" तर मी नाही म्हणेन. तिला धीर देणारी मी एकटीच उरले होते, दादा. आता तेही थांबवते.

तुझी,
सुमी