उजवीकडे सरकलेला गट

४ मे
पुन्हा तेच! अल्विनच्या दहाही गोळ्यांचा गट निशाणाच्या कागदावर एका बशीखाली झाकेल इतका जवळ – आणि सगळा काळ्या वर्तुळाच्या उजवीकडे. सत्तरी उलटली तरी माझ्या नवऱ्याचा हात दगडासारखा!
नेमबाजी क्लबचा कॅप्टन क्लॅरी कुरकुरला. "नोरीन, गोळ्या एका जागी पडणं वेगळं, बरोबर जागी पडणं वेगळं. डॉक्टरला डोळे दाखव याचे."
बंदुकीवरची दुर्बीण हललीय, दुसरं काय!

११ मे
दुर्बिणीचा स्क्रू मी डावीकडे फिरवला. आज त्याच्या सगळ्या गोळ्या मधोमध. क्लॅरीची सून टॅम्सिन सॉसेज भाजता भाजता ओरडली, "ए म्हाताऱ्या, बाकीच्यांना पण जगू दे की!" अल्विन पोरासारखा लाजला.

१८ मे
वारा अजिबात नव्हता. त्याच्याच बंदुकीने मी पाच झाडल्या. पाचही डावीकडे. म्हणजे स्क्रू फिरवण्याआधी बंदूक बरोबरच होती.
कुणाला बोलले नाही.

२० मे
समितीची बैठक. क्लॅरीचा ठराव – डोळे तपासेपर्यंत अल्विनने बंदुकीला हात लावायचा नाही. वर मला म्हणतो, "आणि गाडीची चावीपण काढून घे गं."
मी उठले. लोकर कातरणाऱ्यांच्या संपात मालकांची तोंडं बंद केलीत मी; हा क्लॅरी कोण! म्हातारपण हा गुन्हा आहे का, विचारलं. ज्यांनी हा माळ साफ करून क्लब उभा केला, त्यांनाच हाकलणार? अल्विनचा निशाणाचा कागद फडकवला. "हा हात थरथरतो? दाखवा कुठे!" पत्र्याची शेड दणाणली. ठराव पडला.
बाहेर क्लॅरी म्हणाला, "छान बोललीस. नेहमीसारखीच. पण मी हाताबद्दल बोललोच नव्हतो."

२१ मे
डॉक्टरांना फोन लावायला घेतला. अल्विन दारात उभा. "बंदूक गेली तर मग मी कोण गं?"
फोन ठेवला. चावी खुंटीवरच आहे.

२५ मे
पोलीस म्हणाला, कच्च्या रस्त्यावर अल्विनच्या गाडीच्या टायरांचा माग दोरी धरून आखल्यासारखा. कुठे डळमळ नाही, ब्रेक नाही. फक्त अख्खा माग रस्त्याच्या उजव्या, चुकीच्या बाजूला.
समोरून टॅम्सिन येत होती. जागीच गेली.
अल्विनला खरचटलंसुद्धा नाही. सकाळपासून एकच विचारतोय – "ती माझ्या बाजूला कशाला आली?"