हानदानची चाल

प्रिय रुइछिन,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

शेनचेनहून, तुझ्या घरून, मी तडकाफडकी निघून आले, त्याचा तुला राग आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्याच होत्या गं. पण त्या आरशांच्या खोलीत इतरांसारखं सरळ पाऊल टाकायला गेले, की अर्धांगाच्या झटक्यातून वाचलेली चालही बिघडायची. इथे हानदानला उतरले, तर पांगकाका चपला शिवता शिवता म्हणाले, "वहिनी, तो यानचा पोरगा निदान रांगत घरी गेला होता. तुम्ही तर आरामात गाडीत बसून आलात." सगळी गल्ली हसली, मीही हसले.

ती गोष्ट तुला लहानपणी तोंडपाठ होती. हानदानची माणसं डौलात चालतात असं ऐकून तो पोरगा यान राज्यातून इथे आला. इथली चाल त्याला जमली नाही, स्वतःची विसरला, आणि रांगत परत गेला. तेव्हापासून दुसऱ्याची नक्कल करताना जवळचंही घालवून बसणाऱ्याला 'हानदानला चालणं शिकला' म्हणतात. मला विचारशील, तर गोष्ट फार लवकर थांबते. पोरगं दारात पोचल्यावर त्याच्या आईने त्याला उठवलं असेल, जेवायला वाढलं असेल, आणि थोड्याच दिवसांत तो अंगणात पळत असेल. यात मला तिळमात्र शंका नाही.

माझंच बघ. इथल्या पुलाच्या कठड्याला हात लावला, आणि पायांना कापडगिरणी आठवली. मागांच्या ओळींमधून आम्ही बायका तिरप्या, भरभर चालायचो. ती चाल डाव्या पायाला अजून येते. दिसते खेकड्यासारखी, पण बाजारात नेते आणि परत आणते. काल कोबी मीच आणला.

आता मुद्द्याचं. तुझी नोकरी गेल्याचं मला कळलंय. आईला सांगू नका, असं तू पांगकाकांना बजावलंस. त्यांच्या पोटात काय टिकतं, हे तुला ठाऊक हवं होतं. घरी कोणत्या तोंडाने येऊ, असंही म्हणालीस म्हणे. आहे त्याच तोंडाने ये, मला तेच ओळखीचं आहे. तिकीट काढ आणि गाडी कळव. स्टेशनच्या दारापर्यंत मी चालत येईन, आणि तुझी एक पिशवी मी उचलणार आहे. तेव्हा हुज्जत घालायची नाही.

तुझीच,
आई