मंजुळाबाईची गाडी आणि तिचा मानलेला भाऊ

मी, ग्यानबा सटवाजी खराटे, वय एकसष्ट, धंदा मोटार वाइंडिंग, राहणार जवळा बाजार, तालुका औंढा, जिल्हा हिंगोली, म्हणजे पूर्वीचा परभणी, हे मृत्युपत्र माझ्या घरात, दिवसाउजेडी, माझ्याच हाताने लिहीत आहे. काविळीने अंग खाल्ले आहे, डोके अजून खाल्लेले नाही. माझ्यावर कोणाचा जोर नाही. जोर करणारी एकच होती, ती आता नाही. याआधीचे माझे मृत्युपत्र म्हणून कोणी कागद दाखवला तर तो खोटा समजावा.

कलम १. राहते घर, अंगणातल्या लिंबाच्या झाडासह, माझी एकुलती एक मुलगी पुनम, जी शिरड शहापूरला दिली आहे, तिला द्यावे. पोस्टातली बचत आणि तिच्या आईचे डोरले हेही तिचेच. जावयाने घर विकायची घाई करू नये. माणूस चांगला आहे, पण ताट वाढेपर्यंत त्याला धीर निघत नाही.

कलम २. दुकानाच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी. हिच्याबद्दल जरा लांबण लागेल, इलाज नाही.

ही गाडी मुळात बसून चालवायचे गवत कापायचे यंत्र. एका साखर कारखान्याच्या पाहुणेघरापुढे हिरवळ होती. ती वाळली, साहेब बदलले आणि यंत्र भंगारात निघाले. सन १९९८ मध्ये मी आणि माझा दुकानातला जोडीदार विश्वंभर यांनी ते उचलून आणले. बाजारातले लोक म्हणाले, ग्यानबा आता हिरवळ लावणार. मला हिरवळ नको होती, चाके असलेली खुर्ची हवी होती. माझी पत्नी मंजुळाबाई हिचे पाय मणक्याच्या आजाराने गेले होते. तेव्हापासून ती घराबाहेर पडली ती माझ्या पाठीवर, नाहीतर बैलगाडीत पोत्यासारखी आडवी. दोन्हीची तिला चीड होती. "मला कुणी उचलून न्यायचं न्हाई. जाईन तवा माझी मी जाईन," असे तिने बजावून ठेवले होते.

यंत्राची पाती आणि इंजिन आम्ही काढून टाकले. त्या इंजिनाची दांडी खाली जमिनीकडे असते, म्हणून मोटारही उभीच बसवावी लागली. पट्टा आणि गिअर जुनेच ठेवले. मोटार भंगारातल्या एका हमालगाडीची, म्हणजे फलाटावर सामान ओढणाऱ्या बॅटरीच्या गाडीची, जळालेली. तिचे आर्मेचर मी नव्याने भरले, म्हणजे तांब्याची तार पुन्हा गुंडाळली. ट्रकवाल्यांनी टाकलेल्या बॅटऱ्यांतून चार धड निवडल्या. दोन जोडल्या की गाडी सावकाश, चार जोडल्या की जरा जोरात. यापलीकडे त्यात शहाणपण नव्हते. ब्रेक जुन्या लुनाचा. काढलेले इंजिन विकले त्यात बाकीचे सामान भागले, म्हणजे गाडी जवळजवळ फुकटात झाली. दोघांनी मिळून केली, हे मी आजही नाकारत नाही. विश्वंभरचा हात चांगला होता.

मंजुळाबाईला पाठचा भाऊ नव्हता. दुकान निघाले त्या वर्षापासून ती विश्वंभरला भाऊबीजेला ओवाळायची. सणाची पहिली पोळी त्याच्या ताटात पडायची, दुसरी माझ्या. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही.

सन १९९९ च्या दसऱ्याला गाडीवर बसून देवीच्या माळावर जायचे आणि आपल्या हाताने सोने वाटायचे, असे तिने ठरवले. गादीचे माप घेऊन मी नांदेडला जाऊन आलो. कशाला जातो ते तिला सांगितले नाही, कारण रेक्झिनची गादी अचानक दाखवायची होती. खंडेनवमीला पाने-पकडी, हातोड्या, वाइंडिंगचे यंत्र यांच्या मधोमध गाडी पूजेला बसवली. आमच्याकडे अवजार एकदा पूजेला बसले की दसऱ्याला पूजा हलवेपर्यंत त्याला हात लावत नाहीत आणि दुकानाला कुलूपही घालत नाहीत. पूजेतल्या अवजाराला चोर शिवत नाही, असे माझे वडील म्हणत आणि मीही तेच धरून चाललो. दिव्याला तेल घालायला मी थांबतो, असे विश्वंभर म्हणाला. मी घरी जाऊन सुखाने झोपलो.

दसऱ्याच्या सकाळी मी गाडीपुढे नारळ फोडला, झाकणावरची झेंडूची माळ न हलवता गाडी घरापुढे ढकलत आणली. मंजुळाबाई नवे लुगडे नेसून, मांडीवर आपट्याची पाने घेऊन बसली. अर्धा बाजार जमला होता. तिने किल्ली फिरवली. काही झाले नाही. परत फिरवली. मी झाकण उघडले तर बॅटऱ्या जागच्या जागी आणि मोटारीची जागा रिकामी. मी रिकाम्या पेटीची पूजा केली होती. लोक हसले. माझ्यावर हसले असते तर मी विसरलो असतो, पण ती तिथे बसलेली होती. मी चोर चोर म्हणून बाजारभर हिंडलो. पहाटे डोळा लागला, असे विश्वंभर म्हणाला. त्याच्यावर संशय घ्यावा असे माझ्या मनातही आले नाही. तिला उचलून घरात त्यानेच नेले.

त्यानंतर ती गाडीवर बसली नाही. दुसरी मोटार बसवतो म्हटले की तोंड फिरवायची. दोन वर्षांनी, जाण्याच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "मोटार तुमीच इकली, मला ठावं हाय. नड आसंल तुमची. पर मला सांगायचं व्हतं." कोण म्हणतो असे, हे मी विचारले. म्हणाली, "मह्या भावानं सांगितलं त्याच दिशी. नांदेडला काहून गेलते तुमी? भाऊ काहून खोटं बोलंल मह्याशी?" मी गादीचे सांगितले, शपथा घेतल्या. तिने डोळे मिटून घेतले. ती तेच मनात धरून गेली. विश्वंभरला विचारले तर म्हणाला, मी असे काही बोललोच नाही, आजारी माणसाला भास होतात.

पुढच्या उन्हाळ्यात कुरुंद्याचे हळदवाले भिवाजी यांची हळद घोळायच्या पिंपावरची मोटार जळून माझ्याच दुकानात आली. उघडली तर कॉइलला लाल दोरा आणि शेवटची गाठ उलटी. ही खोड माझी एकट्याची. भिवाजींनी सरळ सांगितले, नव्याण्णवच्या दसऱ्याला विश्वंभरकडून घेतली. त्यांचा काय दोष? मी मोटार भरून त्यांना परत दिली. विश्वंभरला त्याच दिवशी दुकानातून काढले. त्याने नाही म्हटले नाही. फक्त एवढेच म्हणाला, "आता ती गेली. गेलेल्या माणसाला काय फरक पडून राहिला?"

मागितली असती तर मी त्याला तशी दुसरी करून दिली असती. मोटार नेली याचा राग माझा कधीच सरला. तिच्यापुढे मला चोर केले, तो राग सरत नाही.

ही गाडी शेजारच्या द्वारकाबाईंना द्यावी. त्यांनी मंजुळाबाईला अखेरपर्यंत रोज आंघोळ घातली, आता त्यांचेच गुडघे गेले आहेत. मी भरून ठेवलेली दुसरी मोटार कपाटात आहे. ती उभीच बसवावी, पट्टा फार ताणू नये, आणि लोडशेडिंग बघून वीज असेल तेव्हा बॅटऱ्या चार्ज कराव्यात.

कलम ३. माझ्या अंत्यविधीला विश्वंभर आला तर येऊ द्यावा. खांदा देऊ देऊ नये. चहा पाजू नये.

कलम ४. रस्त्यावरचे दुकान, जागेसह आणि अवजारांसह. यावर विश्वंभरचा डोळा आहे, समोर भाड्याच्या टपरीत बसून तो रोज इकडेच बघतो. त्याला हे दुकान मिळावे, पण एका अटीवर. माझ्या मागे येणाऱ्या पहिल्या खंडेनवमीला, अवजारे पूजेला बसलेली असताना, मंजुळाबाईच्या फोटोपुढे उभे राहून त्याने मोठ्याने म्हणावे की मोटार मी नेली, ग्यानबाने विकली नाही. ऐकायला बाजारातली माणसे असावीत. तो म्हणाला नाही तर दुकान पुनमचे. पुनमला हे मान्य आहे. ती म्हणाली, "बाबा, दुकान जाऊ द्या, पर त्याला बोलू द्या."

वसमतच्या वकिलांनी हे कलम वाचून डोक्याला हात लावला. असली अट कोर्टात भांडणाला कारण होईल, आणि मेलेल्या बाईला ऐकवून कोणाचे भले होणार, असे ते म्हणाले. मी कलम खोडले नाही. तोवर मीही तिच्याजवळ पोचलेला असेन. मीच तिला सांगितले असते. पण मी सांगून तिला पटायचे नाही. ती तिच्या भावाचेच ऐकते.

हे मृत्युपत्र मी पुन्हा वाचून, समजून, खाली नावे असलेल्या दोघांच्या समोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर. दोघांनाही यातले काही मिळणार नाही, हे त्यांना आधीच सांगितले आहे.

ठिकाण: जवळा बाजार
दिनांक: १२ ऑगस्ट २००६

(सही) ग्यानबा सटवाजी खराटे

साक्षीदार:
१. जळबा किसनराव वाघमोडे, राहणार जवळा बाजार (सही)
२. मोहनसिंग देवला राठोड, राहणार तांडा, जवळा बाजार (अंगठा)