फळ्यावरून पुसलेलं नाव

मी, खाली सही करणार, वय चौपन्न, धंदा पाट्या रंगवण्याचा, पूर्ण शुद्धीवर आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. बायको फक्त "जरा आटोपशीर लिहा" म्हणाली.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक बायकोची. त्यात कोणी नाक खुपसू नये.

२. ब्रश, रंग, शिडी धाकट्या मेव्हण्याला. ब्रश धुवूनच ठेवायचे. त्याला हे सांगावं लागतं.

३. भिंग चुलतभावाला. त्याने विकत आणलेल्या वंशावळीत आमचा मूळपुरुष सेनापती आहे आणि एक बाप मुलापेक्षा धाकटा. निदान भिंगातून तरी दिसावं.

४. बाहेरच्या खोलीतला वंशवृक्षाचा फळा लेकीला. ही विद्या मला कोणी शिकवली नाही. स्वतःपासून सुरुवात करून मागे जायचं, सर्वांत वयस्कर माणसाला आधी विचारायचं, दोन स्वतंत्र पुरावे मिळेपर्यंत नाव खडूने, मिळाले की रंगाने. सात पिढ्या अशा उभ्या केल्या. एकही चूक नाही.

५. एक आहे. आत्याची पहिली मुलगी महिनाभरही जगली नाही. नोंद नाही, फोटो नाही. गेल्या वर्षी सगळे फळा बघायला जमले, तेव्हा आत्या म्हणाली,

"माझी पोर अजून खडूनेच का रे?"

"दुसरा पुरावा नाही, आत्या."

"मी जन्म दिला, हा एक. माझ्या मांडीवर गेली, हा दुसरा."

"दोन्हींची साक्षीदार तूच. एकच धरतात."

कोणीतरी हसलं. मला चेव चढला आणि ओल्या फडक्याने मी ते नाव पुसलं. आत्या चपला घालून निघाली, ती परत आली नाही. नियम बरोबरच होता. तरी त्या रिकाम्या जागेकडे पाठ करून जेवतो.

सबब माझ्या पश्चात लेकीने ते नाव तिथे पक्क्या रंगाने लिहावं.

६. साक्षीला बोलावलेले शेजारचे शिंपी इथवर वाचून म्हणाले, "पाटीवाले, आत्या ऐंशीच्या पुढची. तुम्ही गेल्यावर लिहिलेलं ती वाचणार कधी?"

म्हणून कलम ५ मधली सूचना रद्द. नाव मी आत्ताच रंगवलं. शेवटचं अक्षर जरा तिरकं आलं आहे. तसंच राहू द्यावं. रंग वाळला की आत्याला आणायला जातो. येईल की नाही, माहीत नाही.

ठिकाण: बाहेरची खोली, फळ्यासमोर.
दिनांक: आत्या सही करेल तो.

(सही) पाटीवाला

साक्षीदार १: (सही) शेजारचे शिंपी

साक्षीदार २: ही जागा आत्याची. तिची सही होईपर्यंत हे मृत्युपत्र खडूने लिहिलेलं समजावं.