चाकू दाखवण्याविषयी

जालना,
रविवार

सन्मित्र धर्मराज यांस,

दीपचंदचा नमस्कार पोहोचावा, आणि पोहोचल्याचे आपल्याकडून कळावे. (मागच्या नमस्काराचे कळले नाही. तो वाटेत हरवला की आपल्या कोनाड्यात पडून आहे, याविषयी मी अद्याप मत बनवलेले नाही.) आपला डावा गुडघा आता कसा आहे? मोसंबीचा आंबेबहार धरला का? वहिनींना नमस्कार. येथे सर्व क्षेम आहे. या घरात ‘सर्व’ या पदाची व्याप्ती एका माणसापुरतीच उरल्यामुळे असे विधान करताना आता पूर्वीइतकी काळजी घ्यावी लागत नाही.

फोन न करता पत्र का, हा प्रश्न आपण विचाराल. फोनवर माझ्या प्रत्येक विधानाला आपण ‘बराबर हाय, शेठ’ म्हणता. ज्या वादाला प्रतिपक्ष नाही तो वाद नव्हे, हे मी आयुष्यभर महाविद्यालयातल्या मुलांना शिकवले. आणि ज्याने जन्मात दुकान थाटले नाही अशा तर्कशास्त्राच्या मास्तराला केवळ तो मारवाडी आहे म्हणून ‘शेठ’ म्हणणे हे तर सरळसरळ अव्याप्त कारणावरून काढलेले अनुमान आहे. पत्रात निदान माझे वाक्य पूर्ण होते.

तर, गेल्या काही महिन्यांत मी तीन घडीचे चाकू संपादन केले आहेत. आपण हसाल. ज्या जैनाच्या घरात बटाटा कापला जात नाही (कापला जाण्यासाठी तो आधी घरात यावा लागतो), त्याला चाकूंचे काय प्रयोजन? पहिला नांदेडच्या एका शिकलगाराकडचा. त्याने आधी शिंगाच्या मुठीचा पुढे केला. तो मी हाताळलाही नाही. मग त्याने पितळी मुठीचा काढला. हा मासोळीच्या आकाराचा असून घडी केली की पाते माशाच्या पोटात जाते. माशाचा आकार म्हणजे मासा नव्हे, हे मी स्वतःला परतीच्या रेल्वेत परतूरपर्यंत पटवत होतो. दुसरा अंबडच्या आठवडी बाजारातला, शिसवी मुठीचा. मिटताना तो असा काही ‘कट्’ वाजतो की एखादा वाद निर्णायकपणे संपल्यासारखे वाटते. तिसरा कलमतराश, म्हणजे बोरू तासण्याचा इवलासा चाकू. तो निजामाच्या अमदानीतल्या कुठल्याशा कचेरीतला आहे, असे विकणारा म्हणाला. विक्रेत्याचे शब्दप्रामाण्य मी मानत नाही, परंतु ऐकायला बरे वाटले.

खरे तर प्रयोजन त्या ऐकण्यातच आहे. चाकू विकणारा माणूस चाकू उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो, पात्याचे पाणी समजावून सांगतो, आणि तेवढा वेळ तो आपल्याशीच बोलत असतो. पानबाई गेल्यापासून (पानबाई म्हणजे माझी पत्नी. हे आपल्याला सांगण्याची गरज नाही; तथापि नाव लिहावेसे वाटले) माझ्याशी इतका वेळ कोणी बोललेले नाही.

आता अडचण ऐका. संग्रहात दाखवणे अध्याहृत असते. जो कोणालाच दाखवला नाही तो संग्रह नव्हे, साठा. म्हणून वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या वंदनाताई जिन्यात भेटल्या तेव्हा मी अत्यंत सौजन्याने म्हणालो, “वेळ असेल तर क्षणभर आत या, चाकू दाखवतो.” त्या दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेल्या आणि कडी लावल्याचा आवाज मला खाली आला. संध्याकाळी आमच्या अपार्टमेंटचे अध्यक्ष अंगदराव आले. हे एमआयडीसीत एका बियाण्यांच्या कंपनीत व्यवस्थापक आहेत आणि माणसांकडेही उगवणक्षमता तपासल्यासारखे पाहतात.

“काका, तुम्ही वंदनाताईंना चाकू दाखवला?”

“नाही. दाखवतो असे म्हणालो.”

“अहो, ते तर जास्तच झालं! कशासाठी?”

“पाहण्यासाठी.”

मराठी भाषेत पुस्तक दाखवता येते, बाग दाखवता येते, मुलगीसुद्धा दाखवता येते. एकट्या चाकूपाशी येऊन हे निरुपद्रवी क्रियापद फौजदारी का होते, हे मी त्यांना समजावून सांगितले. ते ‘जल्दी आहे’ म्हणाले आणि गेले. रात्री अपार्टमेंटच्या व्हॉट्सअॅप समूहावर त्यांची सूचना आली : ‘काही ज्येष्ठ सदस्य जिन्यात चाकू दाखवत आहेत. कृपया टाळावे.’ मी प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशा पाचही अवयवांनिशी खंडन लिहिले. शिवाय आमच्या स्याद्वादाचा आधार घेऊन चाकू हा एका अपेक्षेने शस्त्र आहे आणि दुसऱ्या अपेक्षेने नाही, हेही जोडले. लगोलग अकरा अंगठे उमटले. मी समाधानाने निजलो. सकाळी कळले की ते अंगठे माझ्या वरच्या संदेशाला होते, आणि त्या संदेशात उद्या पाण्याचा टँकर येणार असल्याचे लिहिले होते.

मग मी छायाचित्रे श्रेणिकला पाठवली. चिरंजीवांचा पुण्याहून तत्काळ फोन आला (एरवी तो रविवारी येतो). म्हणाला, “पप्पा, तुम्ही बिलकुल ऐकत नाही. अंगदकाकांचा फोन आला होता. ते चाकू कुणाला तरी देऊन टाका. दिवाळीला आम्ही येऊ तेव्हा घरात दिसायला नकोत.” दिवाळीला ते येणार असल्याचे मला याच वाक्यातून कळले, त्यामुळे वाक्याच्या उरलेल्या भागाकडे माझे थोडे दुर्लक्ष झाले.

राहिली नंदाबाई, आमच्याकडे स्वयंपाक करणारी. तिला मी मासोळी देऊ केली, की हातात घेऊन तरी बघ. ती दोन पावले मागे सरकली. “हातातून हातात न्हाई द्यायचा, शेठ. खाली ठेवा, मंग मी उचलते. अशानं नातं तुटतं.” मी म्हणालो, जे नाही ते तुटू शकत नाही, तुझ्यामाझ्यात नाते नसल्यामुळे ते तुटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, सबब खुशाल घे. या युक्तिवादात मला आजही आकाराचा दोष सापडत नाही. नंदाबाईने हातातले पीठ परातीत झटकले आणि म्हणाली, “आठ वर्सं तुमच्या घरात भाकरी थापून राह्यले. बाईच्या आजारपणात रात्र रात्र बसले. अन् नातं न्हाई म्हणता?” ती गेली ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, कारण पानबाईने तिला जाताना बजावले होते की ह्यांना उपाशी ठेवू नकोस; पण हे तिने मला नव्हे, पोळपाटाला सांगितले. पूर्वी ती ताटात भाकरीबरोबर गल्लीतल्या बातम्याही वाढत असे. आता केवळ भाकरी असते. आकार निर्दोष असून पहिलेच विधान खोटे असले तर काय होते, हे मी फळ्यावर असंख्य वेळा लिहिले आहे. ताटात ते प्रथमच पाहिले.

सर्व बाजूंचा विचार करून मी निर्णय घेतला आहे, की तिन्ही चाकू आपल्या स्वाधीन करावेत. आपण शेतकरी आहात. आपल्या खिशात चाकू असण्याला कोणीही कारण विचारणार नाही. मी ते धाडलेच असते, परंतु चाकू म्हटल्यावर कुरियरवाला पार्सल घेणार नाही. तेव्हा जांब समर्थहून येथवर येण्याची तसदी आपल्यालाच घ्यावी लागेल, याबद्दल दिलगीर आहे. काम अल्प आहे. फार वेळ मोडणार नाही.

कळावे, लोभ आहे असे गृहीत धरतो.

आपला
दीपचंद

ता. क. : चाकू त्याच दिवशी नेलेच पाहिजेत असे नाही. आधी प्रत्येकाची माहिती समजून घ्यावी लागेल, आणि ती एका बैठकीत पुरी होण्यासारखी नाही. आपण ‘बराबर हाय’ म्हणालात तरी या खेपेला मी हरकत घेणार नाही.

आणखी ता. क. : कुरियरवाला पार्सल घेणार नाही असे वर लिहिले आहे, ते अनुमान आहे, प्रत्यक्ष नव्हे. मी विचारलेले नाही. विचारण्याचा विचारही नाही.

शेवटचे : जांबहून सकाळच्या एस.टी.ने निघाल्यास संध्याकाळी परतीची गाडी सहज मिळते. दुपारच्या एस.टी.ने निघाल्यास त्या दिवशी परतीची गाडीच नसते. सबब दुपारच्या एस.टी.ने यावे.